डावीकडे सायकल, पुढे लाल

माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात समाजसेविकेला मिळालेली खोली रक्तदाब तपासायच्या खोलीला लागून होती. आधी तिथे कापसाचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. त्यातल्या दोन खुर्च्या दुरुस्त करून तिला दिल्या आणि दारावर पाटी लावली, 'समाजसेवा'. पहिल्या महिन्यात चौघांनी आत डोकावून विचारलं, रक्तदान इथेच का.

तिचं काम काय, ते कोणाला एका वाक्यात सांगता येत नसे, तिला स्वतःलाही नाही. डॉक्टर शरीर बघायचे. शरीरातून जे बाहेर सांडायचं ते तिच्याकडे यायचं. कोणाला झोप लागत नव्हती, कोणाला गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती, कोणी नऊ वर्षं मुलाशी बोललं नव्हतं आणि साखर मात्र औषधाला दाद देत नव्हती. डॉक्टरांना एका माणसासाठी बारा मिनिटं मिळत. बाराव्या मिनिटाला तो माणूस दाराच्या कडीला हात लावून म्हणाला की "आणखी एक बारीकशी गोष्ट होती," की डॉक्टर मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करत आणि ती उठून जाई.

तिच्याजवळ एक नऊ प्रश्नांचा फॉर्म होता. मन कितपत खचलंय ते त्यावरून कळतं, असं तो बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून सत्तावीस. पण माजी सैनिक तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत "नाही" म्हणत. एकाने तर इतरांनी काय उत्तरं दिलीत ते विचारलं आणि आपलीही तीच लिहून घ्यायला सांगितली. ही मंडळी वेळेच्या आधी चाळीस मिनिटं येत आणि कोणी न सांगता बाकांवर हुद्द्याप्रमाणे बसत. कोणी वरच्या हुद्द्याचा उशिरा आला की अख्खा बाक एकेक जागा खाली सरके.

एका बुधवारी भिंतीवर टकटक झाली. ती गेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात डोळ्यांच्या तज्ज्ञाचं पत्र होतं आणि समोर एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ ताठ बसले होते. लष्करात सव्वीस वर्षं ट्रक चालवलेले. दवाखान्यात सगळे त्यांना उस्ताद म्हणत, डॉक्टरसुद्धा. शेजारी त्यांची बायको मांडीवर पर्स ठेवून, पर्सवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

पत्रात लिहिलं होतं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. ज्याच्याकडे बघावं तोच राखाडी होऊन जातो. खाली एक वाक्य अधोरेखित केलेलं होतं, की रुग्णाने वाहन चालवू नये.

"ताई, यांना विचारा ते आज कसे आले," डॉक्टर म्हणाले. बाहेर अकरा जण बसले होते आणि ते डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिने विचारलं. उस्ताद म्हणाले, "गाडीनं."

"चालवली कोणी?"

"मीच. दुसरं कोण चालवणार?"

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. आवारात एक जुनी, स्वच्छ, फिकट निळी गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये उभी होती. शेजारची डॉक्टरांची गाडी एका पट्टीवर चढलेली होती.

मग तिने त्यांना आपल्या खोलीत नेलं आणि पत्रातलं वाक्य सावकाश वाचून दाखवलं. उस्तादांनी अदबीने ऐकून घेतलं. ते म्हणाले, डोळ्यांचे डॉक्टर हुशार माणूस आहेत, पण ते डोळ्यांचे डॉक्टर. गाडीतलं त्यांना काय कळणार? तिने अपघाताची शक्यता सांगितली. ते म्हणाले, पन्नास वर्षांत त्यांच्या हातून कोंबडीसुद्धा मेलेली नाही. तिने इतरांच्या जिवाचा मुद्दा काढला. त्यांनी विचारलं, मॅडम स्वतः गाडी चालवतात का. ती खोटं बोलू शकली असती. तिच्या नवऱ्याने एकदा तिला शिकवायला घेतलं होतं आणि तिसऱ्या दिवशी दोघांनी विचार करून संसार टिकवायचं ठरवलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं," उस्ताद म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. पोहता न येणाऱ्या माणसाशी पाण्याबद्दल काय बोलायचं, एवढंच.

"मी असते ना सोबत," बायको म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली होती.

समाजसेविकेने त्या वाक्याचा अर्थ तेव्हा विचारला नाही. तिच्यापुढे वेगळाच पेच होता. परवाना रद्द करणाऱ्या कचेरीला पत्र पाठवलं तर उत्तराला तीन आठवडे लागत, आणि उस्ताद आता निघायच्या बेतात होते. तिने भाड्याची गाडी बोलावते म्हटलं. ते म्हणाले, स्वतःची आवारात उभी असताना? किल्ली हिसकावून घेणं तिच्या कामात बसत नव्हतं. शेवटी ती म्हणाली की तिला तसंही एकदा त्यांच्या घरी भेट द्यायचीच आहे, तर आजच येते, त्यांच्याबरोबरच. दोन डोळे जास्त असलेले बरे, असा तिचा विचार होता. नंतर अहवाल लिहिताना तो तिला फारसा पटला नाही.

ती मागे बसली. उस्तादांनी आरसा पुसला, जागेवर बसवला आणि त्यात न बघता गाडी सुरू केली. आणि बायको बोलू लागली.

"मागे मोकळं. या. या. बास. आता डावीकडे. पुढे बस. हळू. डावीकडे सायकल, पुढे लाल. थांबा."

आवाज सपाट होता, किराणा मालाची यादी वाचून दाखवावी तसा. मधेच ती म्हणे, "हिरवा. मुलीचा फोन आला होता, रविवारी करते म्हणाली. उजवीकडे ट्रक, त्याला जाऊ द्या." उस्ताद ऐकत आणि करत. शब्द आणि ब्रेक यांच्यात अंतर म्हणून नव्हतं. एकही हिसका नाही, एकही कचकन थांबणं नाही. समाजसेविकेच्या आयुष्यात तिला कोणी इतक्या अलगद नेलं नव्हतं, आणि तिचे तळवे घामाने थबथबले होते.

किती दिवस असं चाललंय, तिने मागून विचारलं. दोन वर्षं, बायको म्हणाली, पुढे खड्डा, दोन वर्षं आणि वर थोडे दिवस.

बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर बायकोला शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. तिसरी आणि चौथीच्या मध्ये एक माणूस नवी गादी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायला उतरला. गादी दोन्ही बाजूंनी कानांवर दुमडून खाली आली होती. त्याला रस्ता दिसत नव्हता. उस्तादांना तो दिसत नव्हता. बायकोचे डोळे मिटलेले होते.

"थांबा," समाजसेविका ओरडली.

गाडी थांबली. गादी बॉनेटला टेकली आणि तिथेच राहिली. तिच्याखालून एक चेहरा बाहेर आला आणि काय झालं ते शोधू लागला.

बायकोने रुमालाने नाक पुसलं. "चार आल्या," ती म्हणाली. "एवढ्या कधी येत नाहीत." मग तिने रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली. उस्तादांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "किती अंतर होतं?" त्यांनी विचारलं.

"अंतर नव्हतं," समाजसेविका म्हणाली.

त्यांनी मान हलवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. गाडी रस्त्याच्या मधोमध होती, मागे हॉर्न वाजत होते, आणि तिथे असलेल्या तीन माणसांपैकी गाडी चालवता येणारा एकच होता, तोही आता चालवणार नव्हता. शेवटी गादीवाल्यानेच विचारलं की काही मदत हवी का. त्याला गाडी चालवता येत होती. त्याचं घरही त्याच बाजूला होतं. गादी टपावर टाकली, दोरी खिडक्यांतून ओवून बांधली, त्यामुळे दारं उघडेनात आणि सगळ्यांना खिडक्यांतून आत शिरावं लागलं. समाजसेविका सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून एका रुग्णाच्या गाडीत खिडकीतून शिरली. हे तिने अहवालात घेतलं नाही.

गादीवाला क्लच सोडायलाच तयार नव्हता. उस्ताद मागच्या सीटवर, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. वाटेत ते एकदाच बोलले. "तिसरा टाका," ते म्हणाले. गादीवाल्याने टाकला.

त्यांचं घर तळमजल्यावर होतं, दोन खोल्या आणि समोर गाडीपुरती फरसबंदी. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या, एक रेडिओ आणि भिंतीवर लष्करातला एक सामूहिक फोटो, ज्यात उस्ताद कोणते ते आता उस्तादांनाच सांगता येत नव्हतं. समाजसेविकेने पुन्हा पत्र काढलं नाही. ती नुसती बसून राहिली. या कामात ते सगळ्यात अवघड होतं आणि फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

थोड्या वेळाने उस्ताद आपणहून बोलू लागले. डोंगरातला रस्ता होता, धुकं असं की गाडीचं नाक दिसेना. अडतीस ट्रक. प्रत्येक ट्रकच्या पुढे एक जण पाठीला पांढरा टॉवेल बांधून चालायचा, आणि चालकाने त्या टॉवेलवर नजर ठेवून मागे जायचं. सकाळी सहाला निघाले ते दुपारी चारला पोचले. दहा तासांत टॉवेलशिवाय काही दिसलं नाही, आणि एकही ट्रक दरीत गेला नाही.

"ट्रकमध्ये काय होतं?" तिने विचारलं.

"कांदे," आतल्या दारातून बायको म्हणाली.

"कांदे आणि रॉकेल," उस्ताद म्हणाले.

"रॉकेल मागच्या ट्रकमध्ये होतं."

उस्तादांनी ते मान्य केलं. मग म्हणाले की पुढे चालणाऱ्याचा चेहरा त्यांनी मुक्कामाला पोचल्यावरच पाहिला. पायाची सालं निघाली होती त्याच्या. तो म्हणाला, उस्ताद, तुम्ही एकदासुद्धा हॉर्न वाजवला नाहीत.

"मग?"

"मग काही नाही. जेवलो."

ते उठून खिडकीपाशी गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. गाडी आता हलणार नाही, असं त्यांनी तिकडे बघतच सांगितलं. पण लेखी हवं. आदेश लेखी असतो. तोवर ते शब्द पाळतील.

चहा करायला बायको आत गेली आणि समाजसेविका तिच्या मागोमाग गेली. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नव्हती. बायको पाठमोरी राहूनच बोलली.

"बाई, यांना बोल लावू नका. सुरुवात मी केली."

मग तिने सांगितलं. सव्वीस वर्षं उस्ताद बाहेर होते. ती चार-चार पानं लिहायची. उत्तर यायचं, 'सर्व ठीक, काळजी घेणे.' निवृत्त होऊन घरी आले तेव्हा तिला वाटलं, आता बोलणं होईल. ती बोलायची, ते "हं" म्हणायचे. मुलीच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हाही "हं". एकदा तिने मुद्दाम सांगितलं की शेजारच्या घराला आग लागली आहे, तेव्हाही "हं". मग दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. नवा चष्मा येईपर्यंत पंधरा दिवस मी सांगत जाईन, असं तिनेच सुचवलं. चष्म्याने काही फरक पडला नाही आणि पंधरा दिवस संपले नाहीत.

"गाडीत एक शब्द वाया जात नाही हो," ती म्हणाली. "थांबा म्हटलं की थांबतात. आपण बोललो आणि समोरच्याने ऐकलं, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. रोज वाटायची. तरी सकाळी मीच विचारायची, आज कुठे जायचं का." तिने चहा गाळला. "गादीवाला मेला असता तर तो माझ्यामुळे मेला असता."

समाजसेविकेला अशा वेळी बोलायची सात-आठ वाक्यं शिकवलेली होती. तिने त्यातलं एकही वापरलं नाही. तिने कपबशा धरल्या.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना लेखी मागितलं. दवाखान्याच्या संगणकात 'सल्ला' आणि 'शिफारस' असे दोनच नमुने होते. डॉक्टरांनी सल्ला छापून दिला. उस्तादांनी बायकोकरवी तो वाचून घेतला आणि परत पाठवला. सल्ला म्हणजे आदेश नव्हे, असा निरोप सोबत होता. डॉक्टर म्हणाले की आपण आदेश देऊ शकत नाही, आपण दवाखाना आहोत. समाजसेविका म्हणाली की मग तो माणूस गाडी चालवेल, आणि कायद्याने नाही पण त्याच्या हिशोबाने तो बरोबर असेल. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सोमवारी तिने दवाखान्याच्या कागदावर स्वतः टाइप केलं, 'आदेश क्रमांक एक. आजपासून आपण कोणतेही वाहन चालवू नये. गाडीची किल्ली पत्नीच्या ताब्यात राहील.' खाली डॉक्टरांची सही, शिक्का, आणि डाव्या कोपऱ्यात 'प्रत: पत्नी'. परवान्याच्या कचेरीला जायचं पत्र तिने त्याच दिवशी टपालात टाकलं आणि तसं उस्तादांना सांगितलंही.

उस्ताद दवाखान्यात येऊन उभे राहिले. बायकोने आदेश वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पत्नीच्या ताब्यात, या शब्दांपाशी बायको दुसऱ्यांदा अडखळली. उस्तादांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि पोच मागितली. तिने पर्समधून पेन काढून लिहिलं, 'किल्ली मिळाली,' आणि खाली सही केली. ती दोघं बसने घरी गेली.

काम फत्ते झालं होतं. त्या आठवड्याच्या बैठकीत डॉक्टरांनी समाजसेविकेचं कौतुक केलं.

सहा आठवड्यांनी उस्ताद रक्तदाबासाठी आले तेव्हा चार किलोंनी उतरले होते. तिने तो नऊ प्रश्नांचा फॉर्म घेतला. वर्षभरापूर्वी त्यांचे गुण शून्य होते आणि ते मिळवायला त्यांना दीड मिनिट लागलं होतं. या वेळी त्यांनी प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला, आणि तिला तेच सगळ्यात वाईट लक्षण वाटलं. सोळा गुण झाले. नववा प्रश्न होता, आपण नसतो तर बरं झालं असतं असं कधी मनात येतं का.

"पुढचा," ते म्हणाले.

"हा शेवटचाच आहे."

"मग तोही लिहा," उस्ताद म्हणाले. "येतं."

अशा वेळी जे करायचं ते तिने सगळं केलं. डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलावलं. औषध सुरू झालं. घरात बंदूक नाही याची खात्री केली, गोळ्यांची पाकिटं बायकोच्या कपाटात गेली, दर गुरुवारी घरी भेट ठरली, फोन नंबर मोठ्या अक्षरांत दाराच्या मागे लागला. बायकोला बाजूला घेऊन काय लक्ष ठेवायचं ते सांगितलं. बायको "हो" म्हणाली आणि तिच्याकडे बघून समाजसेविकेला कळलं की फॉर्म हिचाही भरायला हवा होता. तोही भरला. चौदा.

ती घरी गेली. तिची आई तिच्याकडेच राहत असे आणि रोज विचारत असे, आज काय केलंस.

"एकांची गाडी बंद केली होती," ती म्हणाली. "आज ते दाखवायला आले होते."

आईला वाटलं ती कचेरीतल्या वाहनांबद्दल बोलतेय.

पुढचे चार गुरुवार तिने नाना उपाय केले. बोलणारं घड्याळ नेलं. उस्ताद म्हणाले, वेळ कळून काय करायचं? दृष्टी गेलेल्यांचा एक गट भरायचा, तिथे त्यांना नेलं. ते संपेपर्यंत ताठ बसले, आभार मानले आणि पुन्हा तिथे गेले नाहीत. बायकोबरोबर रोज चालायला जा, असं सुचवलं. ती दोघं दोनदा गेली. चालताना बायको बोलायची आणि उस्ताद "हं" म्हणायचे.

पाचव्या गुरुवारी सकाळी तिने दाराची बेल वाजवली आणि कोणी उघडलं नाही. पुन्हा वाजवली. तिने फोन लावला, तो आत वाजताना ऐकू येत होता. पोलिसांना कळवावं की शेजाऱ्यांना, म्हणून ती वळली, आणि तिला दिसलं की गाडीत दोन डोकी आहेत.

ती धावत गेली आणि काचेवर थापा मारल्या. उस्तादांनी हाताने फिरवून काच खाली केली. ते चालकाच्या जागेवर होते. बायको शेजारी होती, मांडीवर पर्स, पर्सवर हात.

"उस्ताद, आदेश काय आहे?" तिला धाप लागली होती.

"चालवू नये असा आहे," उस्ताद म्हणाले. "बसू नये असा नाही."

किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती. तिने ती दाखवली. समाजसेविकेने स्वतः टाइप केलेलं वाक्य मनात पुन्हा वाचून पाहिलं. त्यात बसण्याबद्दल काही नव्हतं.

तिला मागे बसायला सांगण्यात आलं. ती बसली. गेल्या शुक्रवारी उस्ताद सीट पुसायला म्हणून गाडीत शिरले होते, बायकोने सांगितलं. तेवढंच एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. ती सवयीने शेजारी येऊन बसली आणि सवयीने म्हणाली, डावीकडे सायकल. रस्त्यावरून खरंच सायकल जात होती. उस्तादांनी मान वळवली. कोण आहे, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. ते म्हणाले, त्याचा पाय मोडला होता ना? तिने सांगितलं, मोडला होता, मागच्या वर्षी, मी तुम्हाला सांगितलं होतं. ते म्हणाले, पुन्हा सांग.

तेव्हापासून रोज.

गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. बायको समोर बघत, त्याच सपाट आवाजात बोलत होती. "समोरची म्हातारी गॅलरीत आली. एकटीच आहे. मुलगा तिला न्यायला येणार होता, आलेला दिसत नाही. उजवीकडून शाळेची बस. मला मुलीच्या बारशाच्या वेळी तुमचा राग आला होता, तार केली होती तरी आला नाहीत. बस गेली."

"रजा नामंजूर झाली होती," उस्ताद म्हणाले.

"कळवलं नाहीत."

"लिहिलं होतं."

"सर्व ठीक, असं लिहिलं होतं."

उस्तादांचे दोन्ही हात चाकावर होते. "तीन वेळा अर्ज केला होता," ते म्हणाले. "तिसऱ्या वेळी साहेबांनी फाडला. ते काय लिहायचं?"

"हेच लिहायचं," बायको म्हणाली. "डावीकडे कुत्रा आडवा झोपलाय. त्याला काही घाई नाही."

समाजसेविका मागच्या सीटवर बसून राहिली. तिला पावणेदहाला दुसरीकडे जायचं होतं. ती साडेदहाला उतरली.

पुढच्या महिन्यात उस्तादांचे गुण अकरा झाले, त्यापुढच्या महिन्यात सात. नवव्या प्रश्नाला ते "नाही" म्हणाले, पण ऐकून मग. बायकोचे पाच झाले. औषधामुळे असेल, डॉक्टर म्हणाले, आणि असेलही. उस्तादांचं वजन दोन किलोंनी वाढलं. डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे ती दोघं बसने जाऊ लागली. उस्ताद चालकाच्या मागच्या सीटवर बसत आणि उतरताना त्याला गिअर कुठे चुकला ते सांगत. एका चालकाने तक्रार केली, एकाने आभार मानले.

मुलीने मात्र परगावाहून फोनवर फोन करून भंडावून सोडलं. जी गाडी चालत नाही ती विकून टाका, तिचं म्हणणं होतं, नाहीतर एखाद्या दिवशी बाबा किल्ली फिरवतील. शेवटी तिने समाजसेविकेलाच गाठलं. समाजसेविकेला तिचं म्हणणं चूक म्हणता येईना. एका गुरुवारी तिने तोच विषय काढला, गाडीत मागे बसून.

"बॅटरी उतरलीय," उस्ताद म्हणाले. "तीन आठवडे झाले."

"भरून घ्यायची का?"

"कशाला?" त्यांनी विचारलं.

बायको पुढे बघत होती. तिने काही सांगितलं नाही, कारण रस्त्यावर त्या वेळी काहीच नव्हतं. समाजसेविकेने मुलीला त्याच संध्याकाळी कळवलं की गाडी राहू द्यावी. मुलीने खोदून खोदून विचारलं, आणि तिने जे पाहिलं होतं ते सांगितलं. मग मुलीने विचारलं, आई काय काय सांगते. तिला ते ऐकायचं होतं. त्या दोघी पाऊण तास फोनवर होत्या.

सहामाही अहवालात 'उपचार' नावाचा रकाना होता. समाजसेविकेने तिथे औषध लिहिलं, साप्ताहिक भेट लिहिली आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं, 'उभ्या मोटारीत बसणे, पत्नीसह, दररोज'. पंधरा दिवसांनी वरच्या कचेरीतून फोन आला. तिकडच्या साहेबांनी तिसरी ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि हे काय आहे ते विचारलं. तिने सांगितलं, मोटारीत बसणं आहे. गाडी चालू असते का? नाही. मग गाडी कशाला? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की घरात खुर्च्या समोरासमोर आहेत, गाडीत शेजारी शेजारी आहेत. साहेबांनी ते लिहून घेतल्याचं ऐकू आलं. गुण किती उतरले? सोळावरून सात. पत्नीचे? चौदावरून पाच. साहेब म्हणाले, आकडे चांगले आहेत.

आठवड्याने रीतसर पत्र आलं. या उपचारास आपल्या दवाखान्यातील एकूण किती रुग्ण पात्र ठरतील, याची संख्या कळवावी.

तिने ते पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं. बाहेर बाकावर बसलेल्यांकडे दारातून बघितलं. कोणाच्या शेजारी बायको होती, कोणाच्या शेजारी मुलगा, कोणाच्या शेजारी रिकामी जागा. मग तिने उत्तर लिहिलं की संख्या नक्की सांगता येणार नाही, विचारून बघावं लागेल, आणि विचारायला वेळ लागेल. भिंतीवर दोनदा टकटक झाली. तिने सही केली आणि उठली.